दारफळची नाणी आणि रोमचे देव

१८४० च्या सुमारास सोलापूरजवळच्या दारफळ येथे जमिनीतून सोन्याची काही नाणी निघाली. त्यांवरची अक्षरे ना मोडी होती, ना फारसी, ना ब्राह्मी. ती रोमन नाणी होती. अँटोनायनस पायस (कारकीर्द इ. स. १३८ ते १६१), कमोडस (१८० ते १९२) आणि सेप्टिमियस सेव्हेरस (१९३ ते २११) हे सम्राट त्यांत होते. दारफळ नावाची गावे सीना नदीच्या परिसरात एकाहून अधिक आहेत आणि मोहोळ, माढा, उत्तर सोलापूर या तालुक्यांतील मुलांना ते नाव नवे नाही. नवे वाटेल ते एवढेच, की पाठ्यपुस्तकातले रोमन साम्राज्य आपल्या शिवारापर्यंत पोहोचलेले होते.

नाणी आली ती व्यापारातून, हे आता सर्वमान्य आहे. आम्हाला येथे वेगळाच प्रश्न घ्यायचा आहे. रोमन सोन्याच्या नाण्याच्या एका बाजूस बहुधा सम्राटाचे डोके असते आणि दुसऱ्या बाजूस एखादा देव, देवी किंवा धार्मिक विधी. सोन्याबरोबर हे देवही दख्खनमध्ये आले. त्यांचे येथे काय झाले? कोणी त्यांना ओळखले का, पुजले का, की ते नुसते सोन्यावरचे ओरखडे ठरले? दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनातले आज कळणार कसे, असे कोणी म्हणेल. पण नाण्याला पाडलेले एखादे भोक याबाबतीत पुष्कळ सांगून जाते. त्याकडे आपण येऊच. आधी नाणे वाचू.

नाण्याची दर्शनी बाजू

रोमच्या सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. एक ऑरियस म्हणजे चांदीचे पंचवीस डिनेरियस. दर्शनी बाजूस सम्राटाचा बाजूने दिसणारा चेहरा आणि कडेने गोलाकार मजकूर. सोन्यावर जागा थोडी आणि पदव्या फार, म्हणून सगळा मजकूर आद्याक्षरांत. 'टी आर पी' ही अक्षरे पुष्कळ नाण्यांवर दिसतात. त्यांचा दूरदर्शनच्या टीआरपीशी काही संबंध नाही. 'ट्रिब्यूनचा अधिकार' असा त्यांचा अर्थ. हा अधिकार सम्राट दरवर्षी नव्याने धारण करी, आणि त्यापुढे कितवे वर्ष तो आकडा घालीत. त्यामुळे अशी नाणी नेमकी कोणत्या वर्षी पडली ते सांगता येते. आपल्याकडच्या सातवाहन नाण्यांवर राजाचे नाव असते, वर्ष नसते. म्हणून सातवाहनांचा कालक्रम लावणाऱ्यांना उत्खननात एखादे रोमन नाणे सापडले, तर केवढा आधार मिळतो याची कल्पना यावी.

आणखी एक पदवी म्हणजे 'पाँटिफेक्स मॅक्सिमस', अर्थात मुख्य पुरोहित. सम्राट हाच राज्याचा मुख्य पुरोहित असे. टायबेरियसच्या (इ. स. १४ ते ३७) ज्या नाण्यांचे दक्षिण भारतात ढीग सापडले, त्यांवर मागे हातात राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री आहे आणि शेजारी हीच पदवी. पुढच्या बाजूस त्याने स्वतःला 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' म्हणवून घेतले आहे. येथे 'दिव्य' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. लॅटिनमधील 'दिवुस' आणि आपला 'देव' एकाच मुळाचे. ज्युपिटर हे नाव तर आपल्या 'द्यौस् पितर्' या वैदिक जोडीचे सख्खे भावंड आहे. भाषेचा तास आणि इतिहासाचा तास एकत्र घेण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

मागची बाजू

मागच्या बाजूवर देव का? आपल्याकडे शिवकालीन होनावर 'श्री राजा शिव' अशी अक्षरे आहेत. देवाचे चित्र नाही. रोममध्ये मात्र चित्राचे महत्त्व मोठे. वर्तमानपत्र नाही, आकाशवाणी नाही. साम्राज्य ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरलेले. सम्राटाला जे सांगायचे ते प्रत्येकाच्या मुठीत जाणाऱ्या वस्तूवर त्याने कोरले, आणि ते असे सांगितले, की देव माझ्या बाजूचे आहेत.

हे देव तीन प्रकारचे दिसतात. ज्युपिटर, मिनर्व्हा, हर्क्युलिस असे पुराणातले देव हा एक प्रकार. दुसरा प्रकार आपल्याला जवळचा वाटेल: गुणांनाच देवीचे रूप. शांती म्हणजे पाक्स, विजय म्हणजे व्हिक्टोरिया, एकोपा म्हणजे काँकॉर्डिया, आरोग्य म्हणजे सालुस. आपल्याकडेही श्री, कीर्ती, धृती, मेधा यांना स्त्रीरूपात पाहतातच. तिसरा प्रकार म्हणजे मरणोत्तर देव झालेले सम्राट.

हा तिसरा प्रकार थोडा समजून घेण्यासारखा आहे. सम्राट वारला की रोमची सिनेट ठराव करून त्याला देव घोषित करी. प्रत्येकालाच हा मान मिळे असे नाही. ज्याच्यावर राग असे त्याची नावेही शिलालेखांतून खोडून काढीत. अँटोनायनस इ. स. १६१ मध्ये वारला, तेव्हा निघालेल्या नाण्यांवर मागे चार मजल्यांची, फुलांच्या माळांनी सजवलेली चिता दिसते. वरच्या टोकाला रथ. बाजूला 'देवत्वप्राप्ती' अशा अर्थाचा एकच शब्द. काही नाण्यांवर चितेऐवजी गरुड आहे. हेरोडियन या तत्कालीन इतिहासकाराने सेव्हेरसच्या अशाच विधीचे वर्णन केले आहे: मेणाची प्रतिमा, मजल्यांवर मजले चढवलेली लाकडी चिता, अग्नी दिल्यावर सर्वांत वरच्या मजल्यातून सोडलेला गरुड. तो गरुड सम्राटाचा आत्मा स्वर्गात नेतो अशी समजूत होती. ज्या सेव्हेरसची मुद्रा दारफळच्या मातीत निघाली तो स्वतः लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना गावचा, आणि वारला ब्रिटनमध्ये, यॉर्क येथे.

त्याच्या नाण्यांवर गावाकडची आठवणही आहे. हर्क्युलिस आणि मद्याचा देव लिबेर अशी जोडी त्याच्या काही नाण्यांवर उभी असते. ते लेप्टिस मॅग्नाचे ग्रामदैवत होते असे म्हटले तरी चालेल. तिकडे त्यांची मूळची नावे वेगळी होती. गावचा मुलगा मोठा झाला आणि त्याने गावचे देव साम्राज्याच्या सोन्यावर बसवले. कमोडसने तर याच्यापुढे उडी घेतली. शेवटच्या एकदोन वर्षांत त्याने स्वतःचाच चेहरा सिंहाचे कातडे पांघरलेल्या हर्क्युलिसच्या रूपात काढवला. इ. स. १९२ च्या ३१ डिसेंबरला त्याचा खून झाला.

आता सालुसकडे परत येऊ. अँटोनायनसच्या आणि त्याच्या वारसांच्या अनेक नाण्यांवर ही आरोग्यदेवी एका वेदीभोवती वेटोळे घातलेल्या सापाला वाटीतून काहीतरी पाजताना दिसते. मोहोळ तालुक्यात वडवळच्या नागनाथाला जाणाऱ्या कोणालाही हे चित्र दाखवावे आणि विचारावे, हे काय आहे? उत्तर बहुधा एकच येईल: नागपंचमी. येथेच सावध राहायला हवे. सालुसच्या सापाचा संबंध ग्रीक वैद्यदेवता अस्क्लेपियसशी आहे; आजही वैद्यकाच्या चिन्हात जो काठीभोवती साप दिसतो तो त्याचाच. आपला नाग वेगळ्या परंपरेतून आला. चित्रे सारखी दिसतात म्हणून अर्थ एक ठरत नाही. पण दुसऱ्या शतकात असे चित्र दख्खनमधल्या एखाद्या माणसाच्या हाती पडले असेल, तर त्याने ते आपल्या डोळ्यांनीच पाहिले असणार, हेही तितकेच खरे.

वजन आणि कस

देवांचे चित्र बघण्याआधी व्यापारी नाणे तोलत असे. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून चाळीस ऑरियस पाडीत, म्हणजे नाणे सुमारे ८ ग्रॅमचे. निरोने इ. स. ६४ मध्ये पंचेचाळीस पाडायला सुरुवात केली, वजन ७.३ ग्रॅमच्या आसपास आले. सेव्हेरसच्या मुलाने, कॅराकॅलाने, ते पौंडास पन्नासवर नेले. वजन घटले, पण सोन्याचा कस मात्र फारसा ढळला नाही. ते जवळजवळ निव्वळ सोनेच राहिले. चांदीचे तसे झाले नाही. सेव्हेरसच्या डिनेरियसमध्ये चांदीचे प्रमाण निम्म्याजवळ घसरले होते.

कस नाणे न कापता कसा पाहायचा, हा प्रयोग वर्गात करून दाखवता येतो. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९. समजा ७.२५ ग्रॅमचे नाणे दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवले. निव्वळ सोने असेल तर त्याचे वजन ०.३७६ ग्रॅमने कमी भरेल. त्यात दहा टक्के चांदी मिसळली असेल तर घट ०.४०७ ग्रॅम होईल. फरक अवघा ३१ मिलिग्रॅमचा, पण सोनाराच्या चांगल्या काट्यावर तो दिसतो. (टंगस्टन या धातूची घनता जवळपास सोन्याएवढीच आहे, त्यामुळे आजच्या भामट्यापुढे ही युक्ती अपुरी पडते. तो धातू १७८३ मध्ये प्रथम वेगळा काढला गेला, तेव्हा रोमनांवर हा संशय घ्यायला नको.) मुलांनी तांब्याची तार आणि पितळेचा तुकडा घेऊन हाच प्रयोग करावा, सोन्याची गरज नाही.

इकडे कशी आली

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदराचे वर्णन आहे. तेथे रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलून घेण्यात नफा होतो, असे ती सांगते. तेथून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, मोहोळपासून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, ईशान्येला. गाड्यांतून तगरचे कापड भडोचला जाई. दारफळचे सोने या व्यापारी जगाच्या अगदी अंगणात सापडले आहे.

सोन्याच्या भावाची एक नोंद आपल्याच डोंगरात कोरलेली आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात सत्तर हजार कार्षापणांच्या दानाचा उल्लेख येतो, आणि त्याचे मूल्य दोन हजार सुवर्ण असे दिले आहे. म्हणजे एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. हे सुवर्ण म्हणजे रोमन ऑरियस की उत्तरेतील कुशाणांचे नाणे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. सातवाहनांनी आणि नहपानाने शिसे, तांबे, पोटीन, चांदी यांची नाणी पाडली. सोन्याचे नाणे पाडल्याचे आढळत नाही. दख्खनमध्ये सोन्याचे नाणे म्हटले की ते बाहेरचेच.

भोक काय सांगते

भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन सोन्याच्या नाण्यांना भोके आहेत, अनेकदा शेजारी शेजारी दोन. म्हणजे ती दोऱ्यात किंवा तारेत ओवून गळ्यात घातली गेली. भोके पाडली की थोडे सोने जाते आणि नाण्याचे वजन घटते. तरीही पाडली, म्हणजे निदान त्या मालकाला नाण्यातून चलनापेक्षा वेगळे काही हवे होते.

आता ती भोके कोठे आहेत ते पाहू. बहुतेकदा ती सम्राटाच्या डोक्याच्या वर आहेत. नाणे लोंबले की चेहरा सरळ राहावा, अशी ही योजना. मग मागचा देव? याचे उत्तर टाकसाळीत आहे. नाणे पाडताना तापवलेली चकती खालच्या आणि वरच्या ठशात ठेवून हातोडा मारीत. दोन्ही ठसे एकमेकांशी कोणत्या दिशेने जुळवले त्यावर मागचे चित्र कसे दिसेल हे ठरते. आपला रुपया बोटांच्या चिमटीत वर-खाली धरून उभ्या अक्षाभोवती फिरवा. दोन्ही बाजूंची चित्रे सरळ दिसतात. दुसऱ्या शतकातल्या अनेक रोमन नाण्यांत मात्र ठसे उलट दिशेने जुळवलेले असत. नाणे वरून खाली उलटले तर मागचे चित्र सरळ, आणि उभ्या अक्षाभोवती फिरवले तर डोके खाली, पाय वर.

असे नाणे गळ्यात घातले की सम्राट सुलटा आणि मागचा ज्युपिटर किंवा विजयादेवी उलटी. घालणाऱ्याला त्या देवीशी भक्तीचे नाते असते तर त्याने भोक दुसऱ्या टोकाला पाडले असते, किंवा निदान अशी नाणी पुष्कळ सापडली असती. आमच्या मते हा पुरावा बोलका आहे. ज्या देवांच्या नावाने रोमन सम्राट राज्य चालवत होता ते देव येथे मागच्या बाजूला, उलटे लोंबत राहिले. लोकांना आवडला तो चेहरा.

तेर आणि इतर काही प्राचीन स्थळी सापडलेल्या मातीच्या पदकांतही हाच कल दिसतो. रोमन नाण्यांच्या, विशेषतः टायबेरियसच्या नाण्यांच्या, भाजक्या मातीतील या नकला आहेत. गळ्यात अडकवण्यासाठी त्यांना कडी किंवा भोक असते. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांच्यासाठी ती असावीत. नेवाशालाही अशी पदके मिळाली आहेत. ती घडवायची तर नाणे ओल्या मातीत नुसते दाबून भागत नाही. ठसा खोल आणि उजव्याडाव्याची अदलाबदल झालेला उमटतो. आधी साचा करून तो भाजायचा, मग त्यात माती दाबायची, तेव्हा चेहरा मूळच्यासारखा उठून येतो. रुपया आणि कुंभाराची माती घेऊन मुलांना हे अर्ध्या तासात कळते. भारतात घडलेल्या सोन्याच्या नकलांत तर लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा-टिंबे आढळतात. कारागिराला मजकूर वाचता येत नव्हता आणि गिऱ्हाइकालाही तो वाचायचा नव्हता.

उत्तरेत मात्र चित्र वेगळे होते. कुशाण राजांनी रोमन वजनाच्या जवळपास जाणारी सोन्याची नाणी पाडली आणि मागच्या बाजूस देव घेतले. कनिष्काच्या नाण्यांवर शिवाचे रूप आहे, नना देवी आहे, सूर्य, चंद्र आहेत, आणि क्वचित बुद्धही आहे. हुविष्काच्या नाण्यांवर हेराक्लीस आणि इजिप्तकडचा सेरापिस ही नावे वाचता येतात. मागच्या बाजूस देव ठेवायची रीत कुशाणांना त्यांच्या आधीच्या ग्रीक राजांपासूनच ठाऊक होती. ज्याला स्वतः नाणे पाडायचे होते त्याने मागच्या बाजूचा अर्थ ओळखला. दख्खनमध्ये ते काम नव्हते, म्हणून मागची बाजू मुकी राहिली.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती पुष्कळांना आठवेल. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती पाहून येथे पोसायडनची पूजा होत होती असे म्हणण्याचा मोह होतो. पण एक सुंदर परदेशी मूर्ती कोणी हौसेने घरात ठेवली, एवढ्याने पंथ सिद्ध होत नाही.

हे सारे फार दूरचे वाटत असेल तर घरातल्या जुन्या पुतळ्यांच्या माळेकडे पाहावे. पुतळी हे मराठेशाहीच्या काळात व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याचे नाव. साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे नाणे १२८४ पासून पडत आले. त्याच्या एका बाजूला व्हेनिसचा प्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून आहे आणि दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या वेढ्यात ख्रिस्त. आपल्या बायकांना त्यात पुतळ्या दिसल्या, म्हणून ती पुतळी झाली आणि गळ्यात गेली. पुढे सोनारांनी स्वतःच पुतळ्या घडवल्या, तेव्हा ठशात आपले देव आले. संत मार्कची जागा लक्ष्मीने घेतली आणि माळेचे नाव तेच राहिले.

नाणी सापडली तर

असे पुरावे फार थोडे उरतात, कारण सोने वितळवता येते. नांगराच्या फाळाला मडके लागते, दोनचार घरांत वाटणी होते, आणि आठवड्याभरात सगळे मुशीत जाते. वजनाचे सोने शिल्लक राहते, पण कोणते नाणे कोणाबरोबर पुरले होते हे कायमचे पुसले जाते. दारफळसारख्या साठ्यात सर्वांत उशिराचे नाणे महत्त्वाचे असते. सेव्हेरस इ. स. १९३ मध्ये गादीवर आला, म्हणून तो साठा त्याआधी पुरला गेलेला नाही हे ठामपणे म्हणता येते. तेच एक नाणे आधी विकले गेले असते तर आपण साठ्याचे वय चुकलो असतो.

लोक लपवतात ते सरकार सगळे फुकट नेईल या भीतीने. प्रत्यक्षात १८७८ चा निखात निधी कायदा वेगळे सांगतो. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन मिळाले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. चौकशीनंतर ते बेवारस ठरले आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. जिल्हाधिकाऱ्यांनी ते शासनासाठी घ्यायचे ठरवले तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश असा मोबदला द्यावा लागतो. लपवले तर मात्र वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते.

गावात अशी कुणकुण पहिल्यांदा लागते ती बहुधा शाळेत, मुलांच्या बोलण्यातून. त्या वेळी शिक्षकाने नाणी घासू किंवा चिंचेने उजळवू देऊ नयेत, आणि मडक्याच्या खापऱ्याही टाकू देऊ नयेत. दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत, प्रत्येक नाण्याचे वजन वेगळे लिहावे, भोक असेल तर ते चेहऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे ते टिपावे, आणि नाणे उभ्या अक्षाभोवती फिरवून मागचा देव उभा राहतो की उलटा होतो तेही. मग तहसील कचेरीची वाट धरावी.